गोव्यातल्या तिसवाडी, बारदेश, साष्टी या तालुक्यांच्या नावांत आकडे आहेत का? आणि चर्चचे विभाग याच हद्दींत कसे बसले?

हो, आहेत. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या आणि साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. बारदेश म्हणजे ‘बारा देश’ असं परंपरेनं मानतात. विभागणी पोर्तुगीजांच्या आधीची. गावची सामाईक जमीन, बांध, देवळाचा खर्च हे सगळं गावकारी, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक संस्था, बघायची. १५२६च्या ‘फोराल’मध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी तिचेच रिवाज लिहून काढले, बसलेली घडी मोडण्यापेक्षा ते सोयीचं! १५४३मध्ये बारदेश-साष्टी त्यांच्याकडे गेले. पुढे चर्चनेही जुन्याच हद्दी धरल्या: बारदेश फ्रान्सिस्कन आणि साष्टी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघांकडे. खाली एकेका मोठ्या गावाची, नाहीतर लहान गावं मिळून एक ‘फिर्गज’, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग. हा कोकणी शब्द पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आला. आजचा मुरगाव तालुकाही मूळ साष्टीतलाच.