डेव्हिडवर लिहिताना

अनेक आशीर्वाद.

जुन्या हिंदी सिनेमातला चरित्र अभिनेता डेव्हिड, त्याच्यावरच्या तुझ्या लेखाचा खर्डा वाचून काढला. भाषा बरी उतरली आहे, कष्टही दिसतात. पण पहिल्या दोन पानांत ‘ज्यू असल्यामुळे’ हे शब्द इतके आलेत की नंतर नंतर मी पेन्सिलीने नुसत्या खुणा करत गेलो. ज्यू असल्यामुळे डेव्हिड सिनेमात आला, ज्यू असल्यामुळे त्याला नायकाऐवजी चरित्रभूमिका मिळाल्या, ज्यू असल्यामुळे तो सगळ्यांत मिसळून गेला. अगं, मग त्याच्याच समाजातले बाकीचे लोक पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत आणि शाळांत का गेले? आणि बुटका, टकला, गोल चेहऱ्याचा माणूस त्या काळात कोणत्याही धर्माचा असता तरी त्याला नायक कोणी केलं असतं?

माणसाची ओळख त्याच्या कारकिर्दीत सगळीकडे सारखी पसरलेली नसते. काही ठिकाणी ती थेट काम करते, काही ठिकाणी तिचा काडीचाही संबंध नसतो. ती ठिकाणं नेमकी हुडकायची, एवढंच तुझं काम आहे.

नावापासून सुरुवात कर. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तू लिहिलं आहेस की ज्यू कलाकारांना नाव बदलून ओळख लपवावी लागली. रूबी मायर्सची सुलोचना झाली, एस्थर व्हिक्टोरिया अब्राहमची प्रमिला झाली, फ्लॉरेन्स इझिकेलची नादिरा झाली, हे खरंच आहे. पण यूसुफ खानचा दिलीपकुमार झाला आणि महजबीन बानोची मीनाकुमारी, तेही याच धंद्यात. पडद्यासाठी वेगळं नाव घेणं ही तिथली रीत होती. तिच्यातून एकट्या ज्यूंची व्यथा काढायला गेलीस तर जाणता वाचक पहिल्याच पानावर तुला पकडेल.

आता डेव्हिडकडे बघ. त्याने ‘डेव्हिड’ ठेवलं आणि ‘चेऊलकर’ गाळलं. म्हणजे श्रेयनामावलीतून काय गेलं? अलिबागजवळचं चौल गेलं, मराठी गेलं. ज्यू नाव जसंच्या तसं राहिलं, पण हिंदी प्रेक्षकाला डेव्हिड म्हटल्यावर ज्यू आठवतो कुठे? त्याला वांद्र्याचा ख्रिस्ती आठवतो. डेव्हिडने असं का केलं याचे तर्क लढवू नकोस. पण त्याचा परिणाम भूमिकांत दिसतो, तो मात्र जरूर दाखव.

त्यासाठी ‘बूट पॉलिश’ पुन्हा बघ. १९५४ सालचा. या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, एवढं एक वाक्य टाकून तू पुढे पळाली आहेस, आणि तिथेच खरं सोनं आहे. लंगडत चालणारा, चोरटी दारू विकणारा जॉनचाचा पोरांना सांगतो की भीक मागू नका, काम करा. तुमच्या मुठीत काय आहे असं तो पोरांना विचारतो, ते गाणं आज सत्तरीतल्या माणसालाही तोंडपाठ असतं. पण मला विचारशील तर तुरुंगातलं पावसाला बोलावणारं गाणं बघ. भोवती सगळे टक्कल असलेले कैदी, शास्त्रीय रागातली भारदस्त चाल, आणि मधोमध हा पठ्ठ्या, चेहऱ्यावर एखाद्या खाँसाहेबांचा आव. विनोद करतोय असं क्षणभरही दाखवत नाही. या दोन गाण्यांवर तू एक आख्खं पान लिहिलंस तरी मला चालेल.

मग भूमिकांची नावं एका कागदावर मांड. जॉनचाचा. ‘चुपके चुपके’मधले हरिपदभैया. ‘गोलमाल’मधले डॉक्टर केदार. ‘बातों बातों में’मधले टॉम अंकल. ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, यांतला ज्यू एकही नाही. आणि त्याच्या शेजारी १९५८ चा ‘यहूदी’ ठेव. बिमल रॉय यांचा चित्रपट, नावातच ज्यू. त्यातला एझ्रा जवाहिऱ्या रंगवला सोहराब मोदींनी, म्हणजे पारशी माणसाने. त्याची मुलगी हॅना झाली मीनाकुमारी, आणि कथेत ती मुलगीही मुळात रोमन घरातली निघते! हिंदी सिनेमाला ज्यू माहीत होता तो रोमन काळातला, पारशी रंगभूमीवरून आलेला, लांबलचक संवाद म्हणणारा. ठाण्यात जन्मलेला, घरी मराठी बोलणारा, कायद्याची पदवी घेतलेला ज्यू समोर उभा होता, त्याच्यासाठी पटकथेत जागाच नव्हती. तुझ्या लेखाचा कणा इथे आहे, असं मला वाटतं.

आता एक मोठी चूक. डेव्हिड, सुलोचना आणि नादिरा यांना तू सरसकट ‘मुंबईचा ज्यू समाज’ या एका पिशवीत घातलं आहेस. डेव्हिड बेने इस्रायल समाजातला. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले, गावावरून आडनावं घेतलेले लोक. सुलोचना, प्रमिला, नादिरा या बगदादी घराण्यांतल्या. सुलोचना पुण्यात जन्मली, प्रमिला कलकत्त्याची, नादिराचा तर जन्मच बगदादचा. बगदादी ज्यू व्यापाराच्या निमित्ताने इराक आणि आसपासच्या मुलखातून आले, घरात अरबी आणि पुढे इंग्रजी. बेने इस्रायलांना बरोबरीचं मानायला त्यांच्यातले पुष्कळजण तयार नसत. ही दुखरी गोष्ट आहे. ती टाळू नकोस, पण तिचा तमाशाही करू नकोस.

हा फरक कारकिर्दीतही उतरतो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. मूकपटांच्या त्या दिवसांत ज्या बायका कॅमेऱ्यासमोर आल्या त्यांत अँग्लो-इंडियन आणि बगदादी ज्यू मुली पुष्कळ होत्या. गोरा रंग, पाश्चात्त्य वळणाचे कपडे आणि घरचा विरोध तुलनेने कमी. सुलोचना आधी टेलिफोन ऑपरेटर होती. इथे तू खुशाल ‘ज्यू असल्यामुळे’ लिही, कारण इथे ते खरोखर लागू पडतं. आणि लगेच उलटी बाजूही लिही. १९३१ मध्ये बोलपट आला आणि हिंदुस्तानी बोलता येत नाही म्हणून त्याच सुलोचनाला थांबून भाषा शिकावी लागली. ज्या घराने तिला पडद्यावर येऊ दिलं त्याच घराच्या भाषेने तिची वाट अडवली. डेव्हिड १९३७ च्या सुमारास आला, तेव्हा बोलपट चांगला रुळला होता, आणि मुंबई-ठाण्यात वाढलेल्या माणसाला हिंदुस्तानी परकी नव्हती.

जाता जाता: सुलोचनाला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता, हे वाक्य तू ठासून लिहिलं आहेस. सगळेच लिहितात. तू ‘असं सांगतात’ एवढं जोडून दे.

ठाण्याला जाणार आहेस ते उत्तम. तिथलं शाआर हाशामाइम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे. जाण्याआधी रीतसर विचारून परवानगी घे, आणि शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत कोणाला फोन करू नकोस, तो त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ. म्हातारी माणसं सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणाली तर चमकू नकोस, त्यांच्यात जुना शब्द तोच. पहिल्याच भेटीत इस्रायलच्या राजकारणावर मत विचारशील तर माणूस मिटलाच म्हणून समज. त्यांचे निम्मे नातेवाईक तिकडे असतात, आणि आपल्याच गावात परक्यासारखे प्रश्न झेलून ती माणसं कंटाळलेली असतात. त्याऐवजी आडनावाचं गाव विचार. मलिदा, म्हणजे त्यांच्या नवसाचा प्रसाद, कसा करतात ते विचार. पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव, यावर एखादी आजी तासभर बोलेल आणि बोलता बोलता तुझा डेव्हिड आपोआप येईल. समोर वाढलेलं मात्र सगळं खा. ‘डाएटवर आहे’ म्हणालीस तर माझं नाव सांगू नकोस.

शेवटचं पान मला अजिबात पटलं नाही. डेव्हिड अखेरीस कॅनडात गेला आणि १९८१ च्या डिसेंबरात टोरांटोला वारला, त्यावरून तू ‘मुळांचा शोध’, ‘कायमचं निर्वासितपण’ असं बरंच काही काढलं आहेस. मुळं चौलला होती गं. १९४८ नंतर त्याच्या समाजातले हजारो लोक इस्रायलला गेले तेव्हा तो मुंबईत राहून काम करत होता. १९६९ ची पद्मश्री त्याला इथेच मिळाली, फिल्मफेअरच्या सोहळ्यांचं सूत्रसंचालनही त्याने इथेच केलं. म्हातारपणी माणूस परदेशी जातो त्याला हजार घरगुती कारणं असतात. तारीख आणि गाव लिही, आणि थांब.

नादिराचा मजकूर या लेखातून काढून वेगळा ठेव. ‘श्री ४२०’मधल्या मायानंतर तिच्यावर खलनायिकेचा शिक्का कसा बसला, हा स्वतंत्र विषय आहे आणि तो दोन परिच्छेदांत मावणार नाही. त्याआधी भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग बघून ये, १८६० च्या दशकातलं, ससून या बगदादी घराण्याने बांधलेलं. ठाण्याचं बघितल्यावर ते बघितलंस की दोन समाजांतलं अंतर मला वेगळं समजावावं लागणार नाही.

दुरुस्त खर्डा दिवाळी अंकांची गडबड सुरू व्हायच्या आत पाठव. मला फोन शनिवारी केलास तरी चालेल, फक्त दुपारी दोन ते चार सोडून.

तुझा,
सर