शहराच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी थेट ठिबकला जोडलं तर चालेल का? नाही तर आणखी काय करावं लागतं?

थेट जोडू नका. दुय्यम प्रक्रिया (हवा देऊन जिवाणूंकरवी घाण कुजवणं) झालेलं पाणी काचेच्या ग्लासात नितळ दिसतं, वासही फारसा येत नाही. पण त्या प्रक्रियेचा मूळ हेतू नदीचा प्राणवायू वाचवणं हा असतो. म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) आणि तरंगता गाळ कमी होतो, रोगजंतू अर्धवटच मरतात आणि क्षार तर जसेच्या तसे राहतात.

सुरुवात पिकापासून करा. युरोपीय संघाचा २०२०/७४१ हा नियम जून २०२३ पासून लागू आहे. त्यातली वर्गवारी नियम म्हणून नाही तरी मोजपट्टी म्हणून कुठेही वापरता येते. कच्चं खाल्लं जाणारं पीक असेल आणि खायच्या भागाला पाणी लागत असेल (पालेभाजी, गाजर), तर ई. कोलाय (विष्ठेतले जिवाणू) १०० मिलीत १० पेक्षा जास्त नको, बीओडी व गाळ प्रत्येकी १० मिग्रॅ/लिटरच्या आत आणि गढूळपणा ५ एनटीयूच्या (तो मोजायचं एकक) आत हवा. फळ जमिनीपासून वर असेल आणि पाणी फक्त ठिबकनं देणार असाल, तर ई. कोलायची मर्यादा १,००० पर्यंत सैल होते. निव्वळ पाणी देण्याची पद्धत बदलल्यानं प्रक्रियेचा एक अख्खा टप्पा वाचू शकतो, म्हणून तुषार सिंचनाचा आग्रह असेल तर तो आधी सोडा.

दुय्यम टप्प्यानंतरचा क्रम असा: वाळूची गाळणी, मग निर्जंतुकीकरण, मग झाकलेली साठवण टाकी आणि शेताच्या तोंडाशी पुन्हा डिस्क फिल्टर (खाचा असलेल्या चकत्यांची गाळणी). हा क्रम उलटा करू नका. गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या कणांआड लपतात, तिथे यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, प्रकाश पोचत नाही आणि क्लोरीनही धड पोचत नाही.

क्लोरीनच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत अमोनियामुळे होते. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडलं जाऊन क्लोरामाइन बनतं. ते जंतू मारतं, पण सावकाश. मुक्त क्लोरीन उरायला हवं असेल तर अमोनियातल्या नत्राच्या वजनाच्या साधारण ८ ते १० पट क्लोरीन घालावं लागतं. म्हणजे अमोनिया-नत्र २० मिग्रॅ/लिटर असेल तर १६० ते २०० मिग्रॅ/लिटर! हे कुणालाच परवडत नाही, आणि सोडियम हायपोक्लोराइटमधून (क्लोरीनचं द्रावण) त्या प्रमाणात सोडियमही शेतात जातं. त्यामुळे हवा देण्याच्या टाकीतच अमोनियाचं नायट्रेट होऊ द्या, किंवा यूव्ही घ्या. क्लोरीनच घेतलंत तर किमान ३० मिनिटांचा संपर्क हवा, आणि तोही नागमोडी आडभिंतींच्या टाकीत. मोकळ्या चौकोनी टाकीत हिशेबाची ३० मिनिटं कागदावरच राहतात, कारण काही पाणी सरळ वाट काढून कितीतरी आधीच बाहेर पडतं.

जंतांच्या अंड्यांवर क्लोरीनचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, ती गाळूनच किंवा तळाशी बसवूनच काढावी लागतात. गोल जंताचं अंडं साधारण ४५ ते ७५ मायक्रॉन लांब असतं आणि ठिबकचा नेहमीचा डिस्क फिल्टर १३० मायक्रॉनचा! त्यामुळे ‘फिल्टर बसवलाय की’ हे उत्तर इथे चालत नाही. जागा भरपूर असेल तर एकापाठोपाठ तळ्यांची मालिका हा स्वस्त उपाय आहे: एकूण ८ ते १० दिवस पाणी थांबलं की अंडी खाली बसतात, आणि शेवटच्या उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळामुळे चढलेला सामू (पीएच) जिवाणूंचं काम तमाम करतात. फक्त ते शेवाळ पुढे ठिबकला त्रास देतं, त्यामुळे वाळूची गाळणी तिथेही टळत नाही.

आता क्षार, म्हणजे ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते. घरगुती वापरातच पाण्याच्या टीडीएसमध्ये (विरघळलेले एकूण क्षार) साधारण ३०० मिग्रॅ/लिटरची भर पडते, आणि वर सांगितलेल्या कुठल्याच टप्प्यात ते निघत नाहीत. म्हणून नुसती ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षारांचा अंदाज) बघून भागत नाही, एसएआरही (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते) काढा. समजा सोडियम १८४ मिग्रॅ/लिटर (रासायनिक तुलनेच्या एककात ८ मिलिइक्विव्हॅलंट), कॅल्शियम ६० (३) आणि मॅग्नेशियम १२ (१). कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज ४, तिचे निम्मे २, वर्गमूळ १.४१, ८ भागिले १.४१ म्हणजे एसएआर ५.७. ईसी १.२ डेसिसिमेन/मीटरच्या वर असेल तर एवढा एसएआर सहसा चालून जातो. पण वर पाऊस पडला की क्षार धुतले जातात, मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम मात्र राहतं, कण फुगून सुटे होतात आणि वरचा थर लेप दिल्यासारखा बंद होतो. जमीन चोपण व्हायला लागल्याची ही पहिली खूण. जिप्सम (सोडियम हटवणारं कॅल्शियमचं खनिज) तेव्हा नाही, पावसाच्या आधी टाका.

क्षार मुळांखाली धुवायला थोडं जादा पाणीही लागतं. पाण्याची ईसी १.५ असेल आणि टोमॅटोची मातीतल्या ईसीची सहनमर्यादा २.५ धरली, तर १.५ भागिले (५ × २.५ − १.५), म्हणजे दिलेल्या पाण्यातलं सुमारे १४ टक्के मुळांखाली जायला हवं. खाली निचरा नसेल तर मात्र हे जादा पाणीच जमीन चिबड (पाणथळ) करतं.

खताचा हिशेब बदलायला विसरू नका. हेक्टरी ५,००० घनमीटर पाणी दिलं आणि त्यात ३० मिग्रॅ/लिटर नत्र असेल, तर १५० किलो नत्र आपोआप पडतं. फायदाच आहे, पण हे नत्र शेवटच्या पाण्यापर्यंत येत राहतं: दाणे भरताना गहू लोळतो, फळझाड फळाऐवजी पालवी काढत बसतं. शेवटच्या महिन्यात दुसऱ्या पाण्याची सोय असेल तर ते द्या किंवा निम्मं मिसळा.

बोरॉनही एकदा तपासून घ्या. लिंबूवर्गीय झाडांना ०.५ ते ०.७ मिग्रॅ/लिटरपासूनच त्रास सुरू होऊ शकतो. कारखान्यांचं पाणी त्याच गटारात येत असेल तर जड धातू तिथेच, उगमाशी अडवायला हवेत. शेताच्या टोकाला ते अडवण्याचा नाद करू नका.

ठिबक चालू झाल्यावर लॅटरलचं (पिकाच्या ओळीतली ठिबकची नळी) शेवटचं टोक दर आठवड्याला उघडा. पाणी किमान अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगानं बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर बुळबुळीत थर निघत नाही. आधी काळसर चिकट पाणी येईल. ते निवळेपर्यंत चालू ठेवा. चुन्याचा पांढरा थर दिसला तर आम्ल, शेवाळी थर असेल तर क्लोरीन. दोन्ही एकाच दिवशी एकाच नळीत कधीही सोडू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि या नळ्यांचा पिण्याच्या पाण्याच्या नळाशी कुठेही जोड नको, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी नको.