'ॲलेगरी', अन्योक्ती आणि रोबोची वेठ

प्रश्न असा आहे : "विज्ञानपट हे वंशभेदाचे आणि गुलामगिरीचे रूपक असतात" या वाक्यात 'ॲलेगरी'साठी 'रूपक' हा शब्द चालेल का, की 'रूपककथा' किंवा 'अन्योक्ती' म्हणावे?

'रूपक' चुकीचा नाही, पण ढिला आहे. अलंकारशास्त्रात रूपक म्हणजे उपमेय आणि उपमान यांची एकरूपता, आणि तेथे दोन्ही समोर हजर असतात. 'मुखचंद्र' म्हणताना मुखही दिसते आणि चंद्रही. (नाट्यशास्त्रात 'रूपक' म्हणजे तर चक्क नाटक, धनंजयाच्या 'दशरूपक' ग्रंथाचे नाव त्याच अर्थाचे आहे.) अन्योक्तीत मात्र ज्याला लागावे म्हणून बोलायचे, त्याचे नावच घ्यायचे नसते : लेकी बोले सुने लागे. हीच युक्ती एका श्लोकापुरती न वापरता सबंध कथानकभर चालवली की 'ॲलेगरी' होते. म्हणून संपूर्ण कृतीला 'रूपककथा' आणि तिच्या आडून बोलण्याच्या रीतीला 'अन्योक्ती' म्हणावे, असे माझे मत आहे.

मला अधिक खटकतो तो वाक्यातला 'आणि', कारण तो वंशभेद आणि गुलामगिरी या दोहोंना सारखेच आडून सुचवलेले ठरवतो. 1982च्या 'ब्लेड रनर' या विज्ञानपटात सुरुवातीच्या मजकुरातच सांगितले जाते की, मनुष्यासारखे घडवलेले 'रेप्लिकंट' परग्रहांवर गुलाम म्हणून राबवले जातात, आणि त्यांतला कोणी पृथ्वीवर सापडला तर त्याला ठार करण्याला 'मृत्युदंड' न म्हणता 'निवृत्ती' म्हणतात. (ज्याला कधी पगार मिळाला नाही त्याला निवृत्ती तेवढी मिळते; सरकारी भाषेचा हा गुण लेखकाने अचूक हेरला आहे.) शेवटाकडे त्यांचा म्होरक्या आपल्या मागावरच्या पोलिसाला सुनावतो की, भीतीत जगणे म्हणजे काय ते पाहिलेस ना, गुलाम असणे म्हणजे हेच. येथे गुलामगिरी आडून सुचवलेली नाही, ती उघड वाच्यार्थ आहे. आडून येतो तो वंशभेद : पोलीस अधिकारी या जीवांना कातडीवरून शिवी देतो, आणि त्या वेळी चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीतील निवेदन त्या शिवीचे नाते कृष्णवर्णीयांना हिणवणाऱ्या जुन्या पोलिसांशी जोडते. म्हणजे तेथे तर अन्योक्तीचा पडदाही क्षणभर बाजूला सरतो.

गुलामगिरी वाच्यार्थातच असण्याला भाषेचा आधार आहे. 'रोबो' हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकातून. ते 1920 साली प्रसिद्ध झाले आणि 1921मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द सुचवला कारेलचे चित्रकार बंधू योसेफ यांनी, तो 'रोबोटा' या चेक शब्दावरून. रोबोटा म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायचे काम, जे चेक प्रदेश ज्यात मोडत असे त्या हाब्सबुर्ग साम्राज्यात 1848पर्यंत कायदेशीर होते. मराठीत त्याला एकच नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. या हिशेबाने रोबो म्हणजे वेठबिगार. आपण 'यंत्रमानव' म्हणतो तेव्हा लोखंड दिसते आणि वेठ नाहीशी होते; गंमत अशी की चापेकच्या नाटकातील रोबो लोखंडाचे नाहीतच, ते कृत्रिम सजीव द्रव्यापासून घडवलेले आहेत.

आणखी मागे गेले तर 'रोबोटा' हा दास या अर्थाच्या जुन्या स्लाव शब्दाशी जोडला जातो, आणि त्याचे मूळ 'पोरके, लहान मूल' या अर्थाच्या धातूत सांगतात. संस्कृत 'अर्भ', म्हणजे आपले 'अर्भक', त्याच कुळातले मानले जाते. 'गुलाम'ही अरबीत मुळात 'मुलगा'च. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीय पुरुषालाही 'बॉय' म्हणून हाक मारत, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. राबणाऱ्याला मोठे होऊ न देण्याची ही खोड भाषांना फार जुनी आहे.

निखळ अन्योक्तीचे उदाहरण हवे असेल तर 2009चा 'डिस्ट्रिक्ट 9' घ्यावा. जोहान्सबर्गमध्ये अडकलेल्या परग्रहवासीयांना तेथील लोक 'कोळंबी' अशा अर्थाच्या शब्दाने हिणवतात, आणि कार्यालयातला एक बाबू वस्तीतल्या झोपड्यांच्या दारोदार फिरून स्थलांतराच्या नोटिशीवर त्यांच्या सह्या गोळा करतो. केपटाउन शहराचा 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा भाग 1966मध्ये केवळ गोऱ्यांसाठी राखीव घोषित झाला आणि तेथून 60,000हून अधिक लोकांना हुसकावले गेले. हे ठाऊक असणाऱ्याला चित्रपटाचे नाव वाचताच सून कोण ते कळते, आणि येथे गुलामगिरीचा संबंध नाही.

तेव्हा मूळ वाक्य मी असे लिहीन : "अनेक विज्ञानपट वंशभेदाच्या रूपककथा असतात, आणि त्यांतील काही गुलामगिरीविषयी थेट बोलतात."