उपग्रहाच्या प्राथमिक आराखड्यात वस्तुमानाची राखीव (पुढे वजन वाढेल म्हणून आधीच धरलेली वाढ) किती धरावी?
दोन थरांत धरा: आधी प्रत्येक उपकरणावर, मग त्या बेरजेवर सरसकट 20 टक्के. युरोपीय अवकाश संस्थेच्या प्राथमिक अभ्यासांत उपकरणासाठी चालणारे आकडे असे: जसंच्या तसं तयार उपकरण 5 टक्के, किरकोळ बदल लागणारं 10, नवं डिझाइन 20. म्हणजे 60 किलो तयार आणि 40 किलो नवं असेल तर 63 + 48 = 111, आणि त्यावर 20 टक्के धरून 133.2 किलो. इंधन या शेवटच्या आकड्यावरच काढायचं. नेमकं इथेच गणित फसतं: राखीव सोडून इंधन मोजलं, की पुढे वजन वाढल्यावर डेल्टा-व्ही (इंधनाच्या जोरावर वेग बदलण्याची उपग्रहाची एकूण क्षमता) कमी पडतो. (वायरिंग यादीत धरलंय ना, तेही बघा, ते हमखास राहून जातं.) मात्र तयार उपकरण वेगळ्या कक्षेत किंवा जास्त कंपनाच्या प्रक्षेपकावर जाणार असेल, तर 5 टक्क्यांवर विसंबू नका, 10 धरा.