जर्मन-लॅटिनच्या शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिताना

प्रिय मित्रा,

तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. चर्चचा पाळक होण्याच्या पाचारणावरचं पहिलं पान मनापासून उतरलंय. पण अख्ख्या अर्जात लॅटिनचं नाव एकदाच येतं, तेही गुणांसोबत. अरे, ही शिष्यवृत्ती भाषेसाठी आहे! सेमिनरीला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयात, जायचंय असं सगळेच अर्जदार लिहिणार. त्यांच्यातला खरोखर वाचणारा कोण, हे समिती शोधत असते.

तेव्हा दुसऱ्या पानावर काम दाखव. ऑग्सबर्ग कन्फेशन, म्हणजे लूथरन चर्चचा श्रद्धेचा जाहीरनामा, घे. २५ जून १५३० रोजी ते सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर जर्मनमध्ये वाचलं गेलं आणि जर्मन व लॅटिन अशा दोन्ही प्रती सादर झाल्या. एक संहिता दुसरीचा शब्दशः अनुवाद नाही, म्हणून तर मजा आहे. नीतिमान ठरण्याविषयीचं चौथं कलम दोन्हींत शेजारी ठेवून वाच. जर्मन सुरुवातीलाच पापक्षमेची गोष्ट काढतं. लॅटिनमध्ये ती बरीच पुढे येते. हे तुला कसं दिसलं, कुठे अडलास, व्याकरणात काय उलगडेना, ते आठ-दहा ओळींत लिही. अडलेली जागा लपवू नकोस. वाचणाऱ्याला तीच पटते.

शिफारसपत्र पाळकांकडून घेच, पण एक लॅटिनच्या प्राध्यापकांकडूनही माग, आणि मागताना तुझा एखादा अनुवाद सोबत दे. नाहीतर 'विद्यार्थी नियमित व होतकरू आहे' एवढंच लिहून येतं.

आता पैशांचं. चर्चच्या निधीवरच डोळा ठेवून बसू नकोस. अमेरिकेत अभिजात भाषांसाठी एटा सिग्मा फाय आणि जर्मनसाठी डेल्टा फाय अल्फा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या मानद संस्था आहेत. तुझ्या कॉलेजात त्यांची शाखा आहे का, ते विभागात विचार. जर्मनीतल्या उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी डीएएडी ही जर्मन शैक्षणिक विनिमय संस्था आहे. पुढे पाळक होणार की वकील, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, मात्र दरवर्षी भरायचाच, कंटाळा चालणार नाही.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात. आधी आर्थिक साहाय्य कार्यालयात जाऊन विचार, जमल्यास लेखी घे. करही आहेच: ट्यूशन, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं यांवर गेलेली रक्कम करमुक्त, खोली-जेवणावर गेलेली उत्पन्नात धरतात.

एक अट डोळ्यांत तेल घालून वाच: सेमिनरीला गेला नाहीस तर काय? काही ठिकाणी अनुदानाचं कर्ज होतं. विशीत माणसाचं मन बदलतं, त्यात लाज नाही. पण त्याची किंमत सही करण्यापूर्वी माहीत हवी. पदवीनंतर एम.डिव्ह.ची, म्हणजे पाळकासाठीच्या पदव्युत्तर पदवीची, तीन-चार वर्षं उरतातच, आणि पाळकाच्या पगारातून मोठं कर्ज फेडणं अवघड जातं.

शिष्यवृत्तीपायी एकाच सत्रात ग्रीक, जर्मन, लॅटिन असं तिन्ही मात्र ओढू नकोस. सेमिनरी आधी ग्रीक-हिब्रूच मागेल.

दुसरं पान झालं की पाठव. पहिलं निम्मं कर.

सस्नेह,
तुझा सर