गेम स्ट्रीमिंग आल्यावर कन्सोल विकत घेण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात राहता, मुलगा अकरावीत आहे, त्याला प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, हवाय. मित्र सांगतात की आता गेम इंटरनेटवरूनच चालतात, डबा घ्यायची गरज नाही. मग पन्नास हजार घालावेत का, आणि चार-पाच वर्षांत कन्सोल बंदच पडणार असतील तर?

बंद पडणार नाहीत. जो मन लावून खेळतो, त्याच्या घरातला कन्सोल स्ट्रीमिंगमुळे हलणार नाही. पण ज्या घरात कन्सोल कधी आलाच नसता तिथे स्ट्रीमिंग पोचेल, आणि आपल्या सोलापुरात अशीच घरं जास्त आहेत. मी शहरात फायबर इंटरनेटची कनेक्शनं देतो आणि पीएस-टूच्या, म्हणजे जुन्या प्लेस्टेशनच्या काळापासून खेळतोय, त्यामुळे वायरीच्या दोन्ही टोकांचा मला अनुभव आहे.

आधी एक गैरसमज काढू. लोक म्हणतात, आमच्याकडे यूट्यूब फोर-केमध्ये न अडकता चालतं, मग गेम का नाही चालणार? यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच आणून ठेवतं. मध्ये नेट दोन-पाच सेकंद गेलं तरी तुम्हाला कळतसुद्धा नाही. गेममध्ये पुढचं चित्र आधी आणताच येत नाही, कारण ते तुम्ही कोणतं बटण दाबणार यावर ठरतं. बटण दाबलं की तो निरोप वायफायवरून राउटरला, तिथून फायबरने दूरच्या सर्व्हरला जातो. तिथला संगणक चित्र तयार करतो, व्हिडिओसारखं दाबून लहान करतो, परत पाठवतो, आणि तुमचा फोन किंवा टीव्ही ते उलगडून दाखवतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येकासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. सगळा प्रवास इतक्यात आटपत नाही, काही चित्रांचा उशीर राहतोच. तो उशीर एकसारखा असेल तर हात त्याला सरावतो. आत्ता ३० मिलिसेकंद, मग ११०, मग पुन्हा ४० असा हलायला लागला की खेळ संपला. क्रिकेटच्या गेममध्ये बघा: चेंडू टप्पा पडून येतोय, तुम्ही बरोबर वेळेला बटण दाबलंय आणि तरी कड लागून झेल जातोय. पोरगं वैतागून कंट्रोलर आपटतं, ते त्याच्या चुकीमुळे नव्हे.

आता यात सोलापूरचं अंतर आड येतं का? फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई रस्त्याने ४०० किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. वाटेतली उपकरणं आणि वळणं धरून ते काही पटींनी वाढतं, तरी चालण्याजोगं राहतं. सर्व्हर सिंगापूरला असेल तर साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे नुसत्या प्रवासालाच ३५. म्हणून सेवा घेण्याआधी तिचा सर्व्हर भारतात आहे का एवढं जरूर बघा.

खरी अडचण असते तुमच्या घरातल्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत. मागे अशोक चौकाजवळच्या एका घरी तक्रारीवर गेलो होतो. पुढे खोल्या, मागे यंत्रमागाचं शेड. मुलगा म्हणाला, काका, १०० एमबीचा प्लॅन आहे आणि गेम अडकतोय. बॉक्सवर लाल दिवा नव्हता, फायबरचा लाइट नीट येत होता, स्पीड टेस्टला ९५ दिसत होते. मग त्याच्या लॅपटॉपवरून मी फक्त त्यांच्याच राउटरला पिंग लावलं, म्हणजे निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजलं, बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला नाही. आकडे २, ३, २, ८७, ४, १४० असे उड्या मारत होते. सिग्नल घराबाहेर पडायच्या आधीच झोकांड्या खात होता. राउटर लोखंडी कपाटामागे, वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, आणि आजूबाजूच्या आठ-दहा घरांचं वायफाय त्याच पट्ट्यात. एक लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावली, तर एकेका मिलिसेकंदाची सरळ रांग. बँडविड्थ, म्हणजे एका वेळी डेटा वाहून नेण्याची क्षमता, तेवढीच, प्लॅन तोच, पण तासाभराने तो म्हणाला की आता गाडी वळवली की वळते.

वायर ओढणं जमत नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर, राउटर आहे त्याच खोलीत खेळा. आणि खेळताना घरातल्या कुणाच्या फोनवरून लग्नाचे शेकडो फोटो बॅकअपला जात असतील तर ते थांबवा. अपलोडची वाट भरली की तुमच्या बटणाचा निरोप त्यामागे रांगेत उभा राहतो.

आमच्या धंद्यातलीही एक गोष्ट सांगतो, कारण ती ग्राहकाला कुणी सांगत नाही. एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असतात. तिथे सहसा अडत नाही. अडतं ते रात्री आठ ते अकरा, जेव्हा सगळं शहर एकदम बघायला बसतं, विशेषतः आयपीएलच्या दिवसांत, आणि ऑपरेटरने वरून घेतलेली बँडविड्थ तोकडी पडते. दुपारी तीनला केलेल्या स्पीड टेस्टवर विसंबू नका.

मोबाइलच्या डेटावर खेळायचा विचार तर सोडूनच द्या. चांगल्या चित्राला २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट धरले तर तासाला ९ जीबी जातात. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये तेरा मिनिटं होतात. अनलिमिटेड फाइव्ह-जी असेल तर डेटा पुरेल, पण मघाशी सांगितलेल्या आकड्यांच्या उड्या तिथे घरच्या फायबरपेक्षा जास्त.

आता कन्सोलची बाजू. सगळं काम समोरच्या डब्यात होतं, म्हणून नेट गेलं तरी गोष्टीचा गेम चालू राहतो. पण पीएस-फाइव्हची माहितीपत्रिका वाचा: ५ ते ३५ अंश तापमानात वापरावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहालाही गार होत नाही. पंखा घोंघावत राहतो, आत धूळ साचते, मशीन तापून बंद पडतं. कन्सोल घ्यायचाच तर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका, आणि उन्हाळ्यात दुपारचं खेळणं बंद ठेवा. स्ट्रीमिंगमध्ये ही उष्णता सर्व्हरच्या एसीच्या खोलीत राहते. वीज एक मिनिट गेली तर कन्सोल मधेच बंद होतो, पुन्हा सुरू करताना आतलं स्टोरेज तपासत बसतो. तुम्ही फोनवर स्ट्रीम करत असाल आणि राउटरला हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस असेल तर खेळ तुटतही नाही. सोलापुरात हा फायदा लहान नाही.

पैशाचं म्हणाल तर पीएस-फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ४९,९९० रुपये होता, पुढे वाढला. वर नवा मोठा गेम चार-पाच हजारांना. हा आकडा ऐकून आपल्याकडचे बहुतेक आईबाप दुकानाची पायरीच चढत नाहीत. त्यांच्या मुलांना महिन्याच्या पैशांत, आहे त्याच लॅपटॉपवर मोठे गेम मिळत असतील तर मला मनापासून आनंद आहे. आमच्या लहानपणी नवी पेठेत तासाच्या हिशेबाने पैसे देऊन खेळायचो, ती हौस कुणाची मारली जाऊ नये.

पण कन्सोलच्या गेमच्या डिस्कचा एक गुण स्ट्रीमिंगकडे नाही. डिस्क तुमची असते. खेळून झाला की मित्राला देता, अर्ध्या किमतीत विकता. स्ट्रीमिंगमध्ये पैसे भरणं थांबलं की काही उरत नाही, आणि सेवा चालू ठेवायची की नाही हे कंपनी ठरवते. अमेरिकेतली ऑनलाइव्ह ही स्ट्रीमिंग सेवा २०१० मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये बंद. गुगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया नावाची अशीच सेवा आणली आणि १८ जानेवारी २०२३ ला गुंडाळली. विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत दिले हे खरं, पण गुगलएवढी कंपनी सव्वातीन वर्षांत हात झटकते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्टेडिया भारतात आलीच नाही. सोनीचा अनुभवही तसाच: २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसचे नवे प्लॅन आले, तेव्हा परदेशात वरच्या प्लॅनमध्ये स्ट्रीमिंग होतं, भारताला त्याऐवजी डिलक्स नावाचा प्लॅन दिला, स्ट्रीमिंग वगळून. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलचं क्लाउड गेमिंग, म्हणजे त्यांचं स्ट्रीमिंग, २०२० मध्ये २२ देशांत सुरू झालं, आपल्याकडे यायला २०२५ उजाडलं.

तरी कन्सोलही डिस्क सोडायला लागलेत हे नाकारता येत नाही. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कचा खणच नाही. म्हणून घेतलात तर डिस्कवालाच घ्या, थोडे पैसे वाचवायला बिनडिस्कचा डिजिटल घेऊ नका. मुलं एकमेकांच्या डिस्क फिरवतात तेव्हा तो फरक वर्षभरात वसूल होतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. घरी फायबर आहे, तर आधी राउटरपासून टीव्ही किंवा लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर टाकून घ्या, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. मग सर्व्हर भारतात असलेल्या एखाद्या सेवेचा एक महिना घ्या आणि रात्री नऊला, आठवड्याच्या मधल्या दिवशीही आणि रविवारीही, मुलाला खेळू द्या. तो गोष्टीचे, कोडी सोडवायचे, गाड्यांचे गेम खेळत असेल तर बहुधा तेवढ्यावर भागेल. मारामारीचे गेम किंवा मित्रांशी ऑनलाइन फुटबॉल हीच त्याची आवड असेल, तर त्याला उशीर जाणवेल आणि मग कन्सोलला पर्याय नाही. ते तो तुम्हाला स्वतःच सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि या महिन्यासाठी कंट्रोलर घेणार असाल तर प्लेस्टेशनचा ड्युअलसेन्स घ्या. आज तो ब्लूटूथने लॅपटॉपला किंवा फोनला जोडता येतो, उद्या पीएस-फाइव्ह आला तर दुसरा कंट्रोलर म्हणून मित्राच्या हातात देता येईल.