१९७१ मध्ये भारताने पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) सैन्य पाठवणं नैतिकदृष्ट्या योग्य होतं का?

माझ्या मते हो. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत शिरून विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. पुढे सुमारे १ कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. कोलकात्याजवळ सॉल्ट लेकला कुटुंबंच्या कुटुंबं सांडपाण्याच्या सिमेंट पाइपांत राहत होती. याला 'अंतर्गत प्रश्न' म्हणायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने मत दिलं. तो कौल मला आजही पटत नाही. भारताचा स्वार्थ होताच, पाकिस्तान दुभंगणं आपल्या सोयीचंच होतं. पण १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर तीन महिन्यांत, १९७२ च्या मार्चमध्ये, आपलं सैन्य परतलं. भूमी बळकावायला आलेले असे निघून जात नाहीत.